तळ्याचे बूट, ओढ्याचे बूट

सिरिल ग्रेगोर्काच्या बुटांना औषधाच्या टबाची गरज नाही, ही गोष्ट येल्शा ओढ्याच्या काठी सगळ्यांना मान्य होती. बाकीच्यांनी मात्र रांगेत उभं राहायचं, दोन्ही पाय टबात बुडवायचे, रखवालदार पोल्दे "हं" म्हणेपर्यंत बगळ्यासारखं थांबायचं आणि मगच पाण्यात उतरायचं. यातून ना पाद्री सुटत असे ना नगराध्यक्ष.

मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी सकाळी येरित्सा वडिलांची गळाची काठी खांद्यावर घेऊन पुलापाशी आली, तेव्हा तीही निमूटपणे रांगेच्या शेवटी उभी राहिली. पोल्देनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

"तू कुठं निघालीस?"

"टबाकडे, काका."

"हे सिरिलचे बूट ना?"

"हो."

"मग चल पुढं. माझ्या ताटापेक्षा स्वच्छ असायचे त्याचे बूट. आता मेल्यावर त्याचा अपमान करू का मी?"

"तुझ्या ताटाचं सांगू नकोस पोल्दे," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आम्ही जेवलोय तुझ्याकडे." सगळे हसले. येरित्साही हसली, आणि तशीच, कोरड्या वाटेनं, वडिलांच्या जागेकडे गेली.

हिवाळ्यात मासेमारी मंडळाचा एखादा सभासद गेला, की पहिल्या दिवशी त्याची जागा रिकामी ठेवायची, आणि त्याच्या घरच्या माणसाची दोरी पाण्यावर पडेपर्यंत दुसऱ्या कुणी गळ टाकायचा नाही, असा तिथला रिवाज होता. सिरिल जानेवारीत गेला. घरात झोफका, त्याची बायको, आणि लग्न होऊन लुब्लियाना शहरात राहणारी ही एकुलती एक मुलगी. झोफकाला पाण्याचं वावडं. म्हणजे उरली येरित्सा, जिनं लहानपणी वडिलांच्या हाताखाली चार उन्हाळे दोरी फेकली होती आणि नंतर पुस्तकांच्या दुनियेत गेली ती गेलीच.

काठावर पस्तीस-चाळीस माणसं टोप्या हातात घेऊन गप्प उभी होती. झाडांना तुरे लटकले होते, सावलीत अजून बर्फाचे मळकट ढीग होते. येरित्सा गुडघाभर पाण्यात गेली. दोरीच्या टोकाला, गळावर, वडिलांनी शरद ऋतूत बांधलेली तपकिरी नकली माशी होती, सशाच्या कानाच्या केसांची. तिनं काठी मागे नेली, आणि माशी सरळ मागच्या झाडात जाऊन बसली.

"अगदी बापाची लेक," पोल्दे मोठ्यानं म्हणाला. "तोही दर वर्षी पहिलं ते झाडच धरायचा."

दुसऱ्या फेकीला दोरी पाण्यावर पडली. फार सुंदर नाही, पण पडली. टोप्या डोक्यावर गेल्या, कुणीतरी स्लिवोव्काची, आलुबुखाऱ्याच्या दारूची, बाटली फिरवली, आणि येल्शाचा हंगाम सुरू झाला.

दुपारी येरित्सा घरी आली तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. आईनं आंबवलेल्या कोबीचं आणि घेवड्याचं सार केलं होतं. दोन वाट्या खाऊन ती जाळं ठेवायला मागच्या खोपटात गेली. दारामागच्या खिळ्याला बुटांची एक जोडी टांगलेली होती. कोरडी खडखडीत, हिरव्या नाड्यांची.

ती जाळं हातात धरून तशीच उभी राहिली.

ओढ्याचे बूट वेगळे आणि तळ्याचे वेगळे. बाबांनी फोनवर सांगितलं होतं, चारपाच वर्षं झाली असतील. वीटभट्टीच्या तळ्यात कुणीतरी घरच्या काचेच्या पेटीतल्या गोड्या पाण्यातल्या अमेरिकन शेवंडी आणून सोडल्या होत्या. भराभर पसरल्या त्या, वीतभर लांब, नांगीवर पांढरा ठिपका असलेल्या. त्यांच्या अंगावर मरी असते. त्यांना काही होत नाही. पण तळ्याचं ते पाणी एखाद्या ओल्या बुटाच्या तळव्यातून येल्शात आलं, तर येल्शातल्या आपल्या शेवंडी, बोटाएवढ्या, मुळांखाली राहणाऱ्या, एकूण एक मरतील. बुटाचे तळ नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे; नमदा पाणी धरून ठेवतो. म्हणून दोन जोड्या. हिरव्या नाडीची ओढ्याची, खोपटात. तपकिरी नाडीची तळ्याची, बाहेर ओसरीत.

"तुमचं हे सोवळं-ओवळं," येरित्सा तेव्हा हसून म्हणाली होती. "चर्चमध्ये मात्र चिखलाचे बूट घालून जाता."

"चर्चमध्ये शेवंडी नाहीत," बाबा म्हणाले होते.

आज तिच्या पायांत ओसरीतली जोडी होती. आणि आज सकाळी लोकांसमोर फजिती नको म्हणून आदले सलग काही दिवस, संध्याकाळी, कुणाला न सांगता, ती त्याच जोडीत वीटभट्टीच्या तळ्यावर जाऊन दोरी फेकायचा सराव करत होती. तळ्यावर पाटी होती. तिनं ती वाचलीही होती, कारण ती दिसेल ते वाचते: इथल्या शेवंडी बाहेर नेऊ नयेत. कोण नेईल शेवंडी, असं मनात म्हणून ती पाण्यात उतरली होती.

आणखी एक गोष्ट आठवली तेव्हा तिला जाळं खाली ठेवावं लागलं. आज सकाळी बूट चढवताना ते ओलेचिंब होते. पार वरच्या छिद्रांपर्यंत नाड्या भिजलेल्या, गाठ मारताना बोटं गारठली होती. तळ्याचं पाणी बुटांतून ठिबकत असताना ती येल्शात उतरली होती.

तिनं आईला सांगितलं नाही. आईनं सिरिलचं नाव घेणंच सोडून दिलं होतं. घरातली कामं ती तशीच करत होती, फक्त मध्येच एखाद्या दारात थांबायची, आपण का आलो ते विसरल्यासारखी. तिच्यावर हे कुठं घालायचं. पोल्देकाकांना सांगायला हवं होतं, त्याच दिवशी, त्याच तासाला. येरित्सानं दोनदा फोन उचलला. दोरी पाण्यावर पडल्यावर टोपी घालताना पोल्देचे डोळे ओले होते, ते तिला दिसत राहिले. मग तिनं स्वतःशी ठरवलं, आधी बघू. काही झालं असेल तर दिसेलच.

नोकरीतली रजा तिनं वाढवून घेतली. आणि ती वाचत बसली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. वाचणाऱ्या माणसाची भीती कधी उपाशी राहत नाही. मरी लागलेली शेवंड दिवसाउजेडी बाहेर येते, असं तिनं वाचलं. काठ्यांवर चालावं तशी ताठ पायांवर चालते. शेपूट मारून मागे पळत नाही. ओढेच्या ओढे एका वसंतात रिकामे झाल्याचं वाचलं. कुठल्या गावात एका कोळ्याच्या ओल्या जाळ्यानं, कुठं एका कुत्र्यानं. बुटांनी कुठं, हे ती शोधत राहिली, आणि तेही सापडलं.

रोज सकाळी ती ओढ्यावर जायची. काठावर गुडघे टेकून, हाताचा आडोसा करून पाण्यात बघायची. पहिले काही दिवस काही दिसलं नाही, आणि काही न दिसणं चांगलं की वाईट ते कळेना: शेवंडी दिवसा दिसत नाहीत हेच बरोबर. आपण नेमक्या कशाची वाट बघतोय, असं तिच्या मनात यायचं. जानेवारीत बाबांसाठी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून डॉक्टरांची वाट बघितली होती, तसंच हे. त्या वेळीही डॉक्टर बाहेर येईनात म्हणजे चांगलं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

काठावर मासे धरणारे भेटायचे. "काय गं, बापाच्या जागेवर मासा लागत नाही का?" एकानं विचारलं. "नुसतीच बघत बसतेस ते? बघून ट्राउट येत नाही वर, लाजतो."

ती हसली. त्याचे बूट टबातून आलेत का, हे तिनं बघून घेतलं. आणि मग तिला कळलं की आता उलटंच आहे: त्यानं बूट इथून बाहेर जाताना धुवायला हवेत. तो इथून आपल्या घरामागच्या दुसऱ्या ओढ्यावर जाईल. तिथंही शेवंडी आहेत.

त्याच सकाळी, पुलाच्या थोडं खाली, तिला ती दिसली. उन्हाच्या पट्ट्यात, उघड्या रेतीवर, हळदुव्या-तपकिरी रंगाची मोठी शेवंड. येरित्साची सावली तिच्यावर पडली तरी हलली नाही. येरित्सानं काठीच्या टोकानं तिला हळूच ढोसलं. शेवंडीनं एक नांगी अर्धी उचलली आणि खाली ठेवली, जेवण नको म्हणणाऱ्या आजाऱ्यासारखी.

येरित्सा धावत पोल्देच्या घरी गेली.

पोल्दे अंगणात लाकडं फोडत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: तळं, सराव, तपकिरी नाड्या, ओलेचिंब बूट, रेतीवरची शेवंड. सांगताना आवाज नीट राहिला याचं तिला नवल वाटलं. पोल्देनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि ओंडक्यावरच बसला.

"किती दिवस झाले?"

"आठवडा होऊन गेला."

"आणि आज सांगतेस."

"हो, काका."

तो हातांवरचा भुसा झटकत राहिला. तो ओरडेल असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी नाड्या बघितल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "त्या सकाळी. तपकिरी. डोळ्यांनी बघितल्या मी त्या, येरित्सा, आणि तरी तुला टबापासून ओढून नेलं."

"तुम्हाला काय माहीत मी तळ्यावर—"

"गप. माहीत नसतं म्हणूनच टब असतो." तो उठला. "सिरिलनं मला पाण्यात ढकलून दिलं असतं. चल."

त्या दिवशी पोल्देनं पुलावर साखळी लावली आणि ओढा बंद केला. संध्याकाळी सभासद मंडळाच्या खोलीत जमले, चिडलेलेच. हंगामाला आत्ता कुठं सुरुवात, परगावचे पाहुणे यायचे होते. पोल्दे उभा राहून म्हणाला की चूक त्याची, पहिल्या दिवशी त्यानं एका माणसाला टबातून सूट दिली.

"कुणाला?"

"ते सोडा."

"सिरिल असता तर असं झालं नसतं," मागून कुणीतरी म्हणालं.

येरित्सा भिंतीशी बसली होती. ती उठली. "सिरिलचेच बूट होते," ती म्हणाली. "माझ्या पायांत. तळ्यावरून आले होते मी."

मग तो ताटाची थट्टा करणारा माणूस, दुशान नावाचा सुतार, खाकरला. "म्हणजे आम्ही सगळ्यांनी टोप्या काढून बघितलं ते," तो म्हणाला. "चाळीस जण. एकालाही नाड्या दिसल्या नाहीत." तो टोपी घालून बाहेर गेला, आणि दुसऱ्या दिवशी वेताच्या चार झाकणवाल्या टोपल्या घेऊन आला.

पोल्देनं आणि येरित्सानं मुळांखाली हात घालून शेवंडी धरल्या, टोपल्यांत ठेवल्या आणि टोपल्या ओढ्यातच दोरीनं बांधल्या, पुलापासून खाली थोड्या थोड्या अंतरावर. रेतीवरची ती म्हातारी सगळ्यांत वरच्या टोपलीत. रोज सकाळी टोपल्या वर काढायच्या आणि बघायचं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. "एल्डरला फुलं येईपर्यंत जगल्या, तर जगल्या," पोल्दे म्हणाला. काठावरच्या एल्डरच्या झुडपांना अजून नुसती पानं फुटत होती.

टोपली वर काढायच्या आधी येरित्साचा हात दोरीवर थबकायचा. पाणी वेतातून खळखळ निथळायचं, झाकण उघडायचं, आणि आत नांग्या उगारलेल्या असायच्या. एक, दोन, सगळ्या. मग पुढची टोपली. चौथी उघडून होईपर्यंत ती नीट श्वास घेत नसे, आणि घरी पोचेपर्यंत उद्याची काळजी सुरू झालेली असे.

वरच्या टोपलीतली म्हातारी एका सकाळी मेलेली निघाली.

पोल्देनं ती बर्फाच्या डब्यात घातली आणि स्वतः गाडी घेऊन लुब्लियानाच्या प्रयोगशाळेत गेला. येरित्सा घरी आली. स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती, ईस्टरच्या पोतित्साची, अक्रोड भरून गुंडाळतात त्या गोड पावाची. तिनं मागे न बघता विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"तुझा चेहरा मी जानेवारीत बघितलाय. कोण मेलं?"

मग येरित्सा बसली आणि तिनं आईला सांगितलं. कणकेचा गोळा आईच्या हाताखाली थांबला. सगळं ऐकून झाल्यावर झोफका म्हणाली, "म्हणून तू इतके दिवस असं तोंड करून फिरतेस? मला वाटलं, नवऱ्याशी भांडलीस."

"आई, आख्खा ओढा—"

"मला एक सांग, माझ्या ओसरीत कुणाचे ओले बूट रात्रभर राहतात का?"

येरित्साला कळलं नाही.

"आल्या दिवशी संध्याकाळी बुटांवर उकळतं पाणी ओतायचं. आत-बाहेर. मग उलटे ठेवायचे. तळ्याचे असोत, ओढ्याचे असोत. तुझा बाप नुसता नाड्यांचे रंग बघायचा. ते बूट माझ्या ताटापेक्षा स्वच्छ, असं तो पोल्दे सांगत फिरायचा ना गावभर? कुणी धुतले ते विचारलं का कधी त्यानं?" तिनं कणकेला एक बुक्की मारली. "तुझेही धुतले. रोज तळ्यावरून यायचीस, बूट ओसरीत टाकून सरळ पुस्तकात. मी ओतायचे."

"रोज?"

"रोज."

"शुक्रवारीही? आदल्या दिवशी?"

झोफकाचे हात पुन्हा थांबले. तिनं खिडकीकडे बघितलं. "शुक्रवारी," ती म्हणाली. "शुक्रवारी पाणी ठेवलं होतं चुलीवर. किटली ठेवली होती, ते आठवतं. मग..." ती दारात थांबायची तशी थांबली. "मग त्याचा कोट दिसला खुंटीवर. नंतरचं मला आठवत नाही गं. ओतलं असेल. हल्ली मला सगळंच नीट आठवत नाही."

चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला तिचा. येरित्सानं आईचा पिठाचा हात धरला. आईनं तो काढून घेतला नाही. आणि तसा हात धरून बसलेली असताना येरित्साच्या बोटांना काहीतरी आठवलं: गारठलेली गाठ.

"आई, मी तळ्यात किती खोल गेले होते ठाऊक आहे? घोट्यापर्यंत. कडेकडेनंच. पुढं चिखल आहे म्हणून."

"मग?"

"आणि शनिवारी सकाळी नाड्या वरच्या छिद्रापर्यंत ओल्या होत्या. बूट आतून भिजलेले होते."

झोफकानं ओसरीच्या दाराकडे बघितलं.

"म्हणजे ओतलं होतं," झोफका हळूच म्हणाली.

"ओतलं होतं बहुतेक."

"बहुतेक काय? तळ्याचं पाणी काय शिडी लावून वर चढलं?" आणि झोफका रडायला लागली, कणकेवर वाकून, सिरिल गेल्यापासून पहिल्यांदा आवाज करून. येरित्सा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात अजून ती उन्हातली शेवंड होती. तेवढी एक तर मेली होतीच.

पोल्देचा फोन यायला आणखी बरेच दिवस गेले. त्या दिवसांतही टोपल्या वर निघत होत्या, खाली जात होत्या. एकदा झोफकाही आली, रबरी चपला घालून, पाण्याला पाय न लावता, आणि टोपलीतल्या एकीनं शेजारणीचा पाय धरलेला बघून म्हणाली, "अगदी मंडळाच्या सभेसारख्या भांडतात."

फोन आला तेव्हा येरित्सा ओसरीत होती.

"मरी नाही," पोल्दे म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "दोनदा तपासलं म्हणाले. काही नाही."

"मग कशानं मेली, काका?"

"मीही तेच विचारलं. प्रयोगशाळेतली ती पोरगी म्हणाली, आजोबा, म्हातारी होती. म्हाताऱ्या मरतात." त्यानं नाक शिंकरलं. "ऐकतेस ना?"

"ऐकतेय," येरित्सा म्हणाली.

फोन ठेवून ती ओसरीच्या पायरीवर बसली. शरद ऋतूत आपण यायला हवं होतं, बाबांना खोकला होता तेव्हा डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, फोनवर हसायला नको होतं, असं जानेवारीपासून ती मोजत आली होती, ते सगळं तिथंच होतं, कुठं गेलं नव्हतं. म्हाताऱ्या मरतात. तिनं ते एकदा ओठांनी म्हणून बघितलं.

साखळी अजून निघायची नव्हती. एल्डर फुलेपर्यंत थांबायचं असं पोल्देनं सगळ्यांना बजावलं होतं, आणि पहिल्या दिवशी टबात पहिले पाय त्याचे स्वतःचे जाणार होते. आज टोपल्या बघून आलेले तिचे बूट, हिरव्या नाडीचे, ओसरीत निथळत होते.

आत किटली गुणगुणायला लागली. थोड्या वेळानं ती शिटी मारू लागली, आणि मारतच राहिली. येरित्सा उठून आत गेली. आई बाबांच्या कोटाच्या खुंटीसमोर उभी होती, किटलीचं फडकं हातात धरून.

"आई," येरित्सा म्हणाली. "पाणी झालं."

"हो गं," झोफका म्हणाली. "आणतेच आहे."

येरित्सानं बूट पायरीवर मांडले आणि दोन्हींची तोंडं हातांनी रुंद करून धरली. आईनं ओतलं, आधी आत, मग बाहेर, मग तळव्यांवर. वाफ दोघींच्या तोंडावर आली. किटली पार रिकामी होईपर्यंत येरित्सा तिथून हलली नाही.